हातात धरून चालवायची सर्क्युलर सॉ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी थोडंफार सुतारकाम करणारे, नुकतंच मशीन विकत घेतलेले आणि फर्निचरचं काम चालू असताना कारागिरांकडे बघून धास्तावलेले घरमालक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांब आहेत. बोटं जायची भीती तिथेच जास्त असते.

साइटवर सगळ्याच मशीनला 'कटर' म्हणतात. त्यातलं सर्क्युलर सॉ कोणतं?

बहुतेक वेळा ज्याच्या पात्याचा व्यास 7 इंच किंवा थोडा जास्त (184 ते 190 मिमी) असतो, ज्याच्या खाली चपटी बेस प्लेट असते आणि पात्याचा खालचा भाग झाकणारं हलतं गार्ड असतं, ते सर्क्युलर सॉ. मोकळं फिरताना ते मिनिटाला 5,000 ते 6,000 फेरे घेतं. 4 किंवा 5 इंची पात्याचं, हातात मावणारं, पाण्याची नळी जोडायची सोय असलेलं मशीन म्हणजे मार्बल कटर. ते दगड आणि टाइल कापायला बनवलेलं आहे. आणि जे बेस प्लेटशिवाय नुसतं हातात धरून चालवतात ते ग्राइंडर. आपल्याकडे तिन्हींनी लाकूड कापताना दिसतात, पण लाकडासाठी केलेलं त्यातलं एकच.

आत नेमकं काय असतं?

वायरवर चालणाऱ्या मशीनमध्ये कार्बन ब्रशवाली मोटर असते, मिक्सरमध्ये असते त्याच जातीची. ही मोटर फार वेगाने फिरते, पण तेवढ्या वेगात मोठं पातं फिरवण्याइतका जोर तिच्यात नसतो. म्हणून मोटर आणि पातं यांच्यामध्ये गिअर असतात. त्यांच्यामुळे वेग कमी होतो आणि जोर वाढतो. पातं गिअरच्या दांड्यावर दोन चकत्यांमध्ये बोल्टने आवळलेलं असतं. मोटरच्या दुसऱ्या टोकाला पंखा असतो, तो गार हवा आत ओढतो. हवेच्या फटी भुशाने बुजल्या की मोटर तापते आणि मग आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग) जळाल्याचा वास येतो. रिवायंडिंगचा खर्च वाचवायचा असेल तर काम संपल्यावर ब्लोअरने एकदा फुंकर मारा.

पातं कोणत्या दिशेने फिरतं? उलटं बसवलं तर?

पुढच्या बाजूचे दात खालून वर येत लाकूड कापतात. दोन गोष्टी यातूनच येतात. पहिली, पातं लाकडाला वर, बेस प्लेटकडे ओढतं, त्यामुळे मशीन लाकडाला बिलगून चालतं. दुसरी, दात वरच्या पृष्ठातून बाहेर पडतात, म्हणून पापुद्रे वरच्या बाजूला निघतात. सनमायका लावलेला प्लाय कापताना चांगली बाजू खाली ठेवायची ती याचसाठी. जिगसॉचंही (वर-खाली चालणाऱ्या बारीक पात्याचं मशीन) हेच, टेबल सॉचं (टेबलात खालून पातं बसवलेलं मशीन) मात्र बरोबर उलट.

पात्यावर एक बाण असतो, गार्डवरही असतो. दोन्ही एकाच दिशेला हवेत. उलट्या पात्याने लाकूड कापलं जात नाही, जळतं.

खालचं गार्ड आपोआप उघडतं-मिटतं, ते कसं?

पात्याचा वरचा भाग झाकणारं गार्ड पक्कं असतं. खालचं गार्ड एका स्प्रिंगवर पात्याभोवती फिरतं. लाकडाच्या कडेला त्याचं नाक टेकलं आणि तुम्ही मशीन पुढे ढकललं की ते मागे सरकत वरच्या गार्डमध्ये जातं. काप संपून पातं लाकडाबाहेर आलं की स्प्रिंग त्याला परत खाली आणते. म्हणजे लाकडात नसलेलं पातं कधीही उघडं राहू नये, एवढीच त्याची जबाबदारी.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण याच्यावर सगळं अवलंबून असतं. स्विच सोडल्यानंतरही पातं काही सेकंद फिरत राहतं. त्या काही सेकंदांत माणूस मशीन खाली ठेवतो, मांडीजवळ आणतो, किंवा तुकडा उचलायला दुसरा हात पुढे करतो. गार्ड मिटलेलं असेल तर काही होत नाही. उघडं अडकलेलं असेल तर मशीन फरशीवर ठेवताच पातं चाकासारखं पळतं, आणि पळतं ते मागे, तुमच्या पायांकडे.

रोज काम सुरू करण्याआधी प्लग काढून गार्ड तपासा. अंगठ्याने गार्डचा लिव्हर पूर्ण वर घ्या आणि सोडून द्या. गार्ड झटकन खाली येऊन 'टक' असा आवाज झाला पाहिजे. रेंगाळत आलं, मध्येच थांबलं किंवा पात्याला घासलं तर ते मशीन त्या दिवशी चालवायचं नाही. बेस प्लेट 45 अंशांत झुकवूनही हेच करून बघा, कारण काही मशीनमध्ये गार्ड तिरक्या कोनातच अडकतं. दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो. ओल्या लाकडाचा चीक आणि भुसा गार्डच्या बिजागरीत बसून घट्ट होतो. जुन्या टूथब्रशने तो खरवडून काढला की काम होतं. तिथे तेल घालू नका, तेलावर भुसा आणखी चिकटतो.

आमचा सुतार गार्ड वर करून त्यात लाकडाची पाचर मारतो. म्हणतो, त्याशिवाय रेघ दिसत नाही.

पुष्कळ साइटवर हेच चित्र आहे. पाचर नसेल तर तारेने बांधलेलं असतं. रेघेचं कारण फारसं पटण्यासारखं नाही, कारण बेस प्लेटच्या पुढच्या कडेला खाच असते आणि पातं त्या खाचेच्या रेषेत चालतं. नजर खाचेवर ठेवायची असते. खरी अडचण वेगळी आहे. कडेची अगदी बारीक पट्टी काढताना किंवा तिरका काप सुरू करताना गार्डचं नाक लाकडावर अडतं आणि मशीन पुढे जात नाही. त्यासाठीच वर लिव्हर दिलेला असतो. काप सुरू होईपर्यंत डाव्या हाताने लिव्हर वर धरायचा, दात लाकडात शिरले की सोडायचा. दोन सेकंदांचं काम आहे.

तुम्ही घरमालक असाल तर पाचर काढायला सांगण्यात संकोच करू नका. 'माझ्या घरात हे नको' एवढं म्हटलं तरी चालतं. कारागीर कुरकुर करेल, पण करेल.

किकबॅक म्हणजे काय?

कापता कापता मशीन अचानक लाकडातून उसळून तुमच्या अंगावर येणं म्हणजे किकबॅक. हे इतक्या झटक्यात होतं की सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून ते का होतं हे आधीच कळलेलं असावं लागतं.

पात्याचे पुढचे दात लाकूड कापतात. मागचे दात कापलेल्या फटीतून नुसते फिरत असतात. ही फट कशानेही आवळली गेली तर लाकूड पात्याला मागच्या बाजूने धरतं. मागच्या दातांची चाल वरून खाली. ते फटीच्या भिंतीत रुतले की पातं त्यांच्यावर चढतं, मशीन वर उचललं जातं आणि मागे फेकलं जातं. त्या वेळी गार्ड लाकडावर टेकून उघडंच असतं, हे लक्षात घ्या. ते मिटायच्या आतच पातं फटीबाहेर आलेलं असतं.

फट आवळण्याची कारणं मोजकी आहेत. सगळ्यात नेहमीचं म्हणजे फळीला दोन टोकांना घोड्यांवर (लाकूड ठेवायच्या तिवयांवर) ठेवून मधोमध कापणं. काप अर्ध्यावर आला की फळी मध्ये वाकते, फटीची वरची तोंडं जवळ येतात आणि पातं चिमटीत सापडतं. दुसरं, सरळ चाललेलं मशीन रेघ चुकली म्हणून चालू असतानाच वळवणं. तिसरं, बोथट पातं. ते तापतं, फुगतं, आणि माणूस जास्त जोर लावायला लागतो. ओलं लाकूड आणि आतून ताण असलेली फळी यांत फट आपसूक मिटते, विशेषतः लाकडाच्या उभ्या रेषांनी चिरताना.

मशीन चालवताना पात्याच्या बरोबर मागे उभं राहू नका, थोडं बाजूला राहा. दोन्ही हात मुठींवर. काप अर्ध्यात थांबवायचा असेल तर स्विच सोडा आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन जागेवरच धरून ठेवा. फिरतं पातं मागे ओढणं किंवा वर उचलणं म्हणजे किकबॅकला आमंत्रण. पुन्हा सुरू करताना पातं फटीच्या मधोमध आणा, दात लाकडाला टेकलेले नकोत, मगच स्विच दाबा.

मग 8 बाय 4 फुटांचा प्लाय एकट्याने कसा कापायचा?

जमिनीवर. त्याखाली चार लाकडी पट्ट्या घाला, दोन कापाच्या डावीकडे आणि दोन उजवीकडे, त्यातली एकेक पट्टी कापाच्या अगदी जवळ. काप पूर्ण झाला तरी दोन्ही तुकडे जिथल्या तिथे राहतात, पडत नाहीत, वाकत नाहीत. प्लायवर गुडघा टेकून शेवटपर्यंत पोहोचता येतं. सरळ काप हवा असेल तर ॲल्युमिनियमची खिडकीची पट्टी दोन क्लॅम्पने प्लायवर आवळा आणि बेस प्लेट तिला लावून चालवा. पट्टी कुठे आवळायची ते ठरवण्यासाठी बेस प्लेटच्या कडेपासून दातापर्यंतचं अंतर एकदा मोजून मशीनवरच मार्करने लिहून ठेवा. पाती बदलली की ते पुन्हा तपासायचं, दाताच्या जाडीत फरक असतो.

पातं किती खोल ठेवायचं?

लाकडाच्या खाली एक दात बाहेर येईल इतकंच, म्हणजे 3 ते 6 मिमी. 19 मिमी प्लायसाठी 60 मिमी पातं खाली सोडलं तर लाकूड लवकर कापलं जात नाही, फक्त खालून जास्त पातं उघडं फिरतं आणि किकबॅक झाला तर त्याची उसळी मोठी होते. प्लायखाली हात घालून तुकडा धरायची सवय अनेकांना असते, ती आजच मोडा.

रायव्हिंग नाइफ म्हणजे काय? माझ्या मशीनला ती नाही.

पात्याच्या मागे, त्याच रेषेत उभी असलेली स्टीलची बारीक पट्टी. कापलेल्या फटीत ती मागोमाग येते आणि फट मिटू देत नाही. युरोपातल्या बऱ्याच मशीनना ती असते, अमेरिकन पद्धतीच्या मशीनना सहसा नसते. असेल तर ती काढून ठेवू नका. पातं आणि पट्टी यांतलं अंतर 5 मिमीपेक्षा जास्त नको. नसेल तर कापत आलेल्या फटीत मागून एक लाकडी पाचर सरकवली तरी तेच काम होतं. पाचर वापरायची योग्य जागा ती. पाचर सरकवताना मशीन बंद हवं.

मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापला तर काय बिघडतं? सगळेच कापतात.

सगळेच कापतात हे खरं. मशीन स्वस्त आहे, हलकं आहे, टाइलच्या कामालाही येतं आणि 19 मिमी प्लाय त्यात आरामात कापला जातो. दुकानात 4 इंची लाकडाची पातीही सर्रास मिळतात. तरी आमचं उत्तर 'नको' असंच आहे, आणि त्याची कारणं मशीनच्या बांधणीतच आहेत.

मार्बल कटरला खालचं गार्डच नसतं. दगड कापायच्या त्याच्या डायमंड पात्याला दात नसतात, ते दगड झिजवत जातं, बोटाला लागलं तर जखम होते पण ते बोट आत ओढून घेत नाही. म्हणून बनवणाऱ्यांनी वरच्या अर्ध्या गार्डवर भागवलं. त्याच जागी दाताचं पातं बसवलं की खालचा अर्धा भाग सतत उघडा फिरतो.

मग वेग. मार्बल कटर मिनिटाला 12,000 किंवा त्याहून जास्त फेरे घेतं. 110 मिमी पात्याचा दात त्या वेगाने ताशी 250 किलोमीटरच्या आसपास धावतो. 185 मिमीच्या सर्क्युलर सॉमध्ये, 5,500 फेऱ्यांना, तो वेग ताशी 190 च्या जवळ असतो. पात्यावर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेलं असतं. तो आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर दाताच्या टोकाला बसवलेला कार्बाइडचा (अतिशय कठीण पदार्थाचा) तुकडा उडू शकतो.

आणि स्विच. सर्क्युलर सॉला स्विचजवळ एक बटण असतं. ते आधी दाबल्याशिवाय स्विच दाबलाच जात नाही, चुकून चालू होऊ नये म्हणून. बऱ्याच मार्बल कटरना बटण असतं ते उलट कामाचं: स्विच दाबून अडकवून ठेवायचं, म्हणजे लांबलचक फरशी कापताना बोट दुखू नये. असं अडकवलेलं मशीन किकबॅकने हातातून सुटलं तर ते चालूच राहतं.

ज्यांच्याकडे दुसरं मशीन नाहीच, त्यांनी निदान ते बटण वापरू नये आणि बेस प्लेट काढून टाकू नये.

ग्राइंडरला लाकडाचं पातं?

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. बेस प्लेट नाही, खोली ठरवता येत नाही, पातं फटीत जरा तिरकं झालं की उसळतं.

ब्रेक, डबल इन्सुलेशन, सॉफ्ट स्टार्ट: यातलं काय बघून घ्यावं?

ब्रेकसाठी पैसे मोजावेत. स्विच सोडताच मोटरच पात्याला रोखते आणि ते साधारण दोन सेकंदांत थांबतं. बिनब्रेकचं पातं त्याच्या कितीतरी पट वेळ फिरत राहतं.

डबल इन्सुलेशन, म्हणजे शॉक बसू नये म्हणून विजेच्या भागांभोवती दुहेरी आवरण, जवळजवळ सगळ्या चांगल्या मशीनना असतं. मशीनवरच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण बघा. अशा मशीनला अर्थिंगची तिसरी पिन लागत नाही. सॉफ्ट स्टार्टने मशीन चालू होताना हिसका कमी बसतो, चांगली सोय आहे, पण तिच्यावाचून अडत नाही.

बॅटरीवरच्या काही नव्या मशीनमध्ये सेन्सर असतो, मशीन झटकन वळलं-उसळलं की मोटर बंद करणारा. तो किकबॅक थांबवत नाही, किकबॅक सुरू झाल्यावर नुकसान कमी करतो. बॅटरीच्या मशीनची एक गोष्ट विसरली जाते: पातं बदलताना बॅटरी काढायची. प्लग नसल्यामुळे हे लक्षात राहत नाही.

बोट लागताच थांबणारं पातं मी व्हिडिओत पाहिलं. ते यात मिळेल का?

ते सॉस्टॉप या कंपनीचं तंत्र, टेबल सॉसाठीचं. पात्यातून बारीकसा विद्युत सिग्नल जात असतो. शरीर टेकलं की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून काही हजारांश सेकंदांत पातं थांबवतो. पातं आणि ठोकळा दोन्ही वाया जातात, बोट वाचतं. हातातल्या मशीनला त्याची आशा धरून बसू नका, गार्डकडे लक्ष द्या.

किती दातांचं पातं घ्यावं?

उभ्या रेषांनी चिरायला 24, प्लायला 40, सनमायका लावलेल्या बोर्डाला 60. एकच घ्यायचं असेल तर 40. मधल्या भोकाचा व्यास मशीनच्या दांड्याशी जुळलाच पाहिजे. 'रिंग टाकून बसवून देतो' म्हणणारा दुकानदार भेटेल. पात्याबरोबर आलेली रिंग असेल तर ठीक, पत्रा कापून केलेली असेल तर नको.

पाडलेल्या वाड्याचं सागवान घेतलं असेल तर कापण्याआधी त्यावरून चुंबक फिरवा. डोकं तुटून आत राहिलेले खिळे डोळ्यांना दिसत नाहीत.

पात्याचा बोल्ट निघत नाही. कोणत्या बाजूला फिरवू?

कापताना पातं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने पाना फिरवला की बोल्ट सैल होतो. प्लग काढून, स्पिंडल लॉक (पात्याचा दांडा अडकवून धरणारं बटण) दाबून. लॉक नसेल तर टाकाऊ लाकडात दात रुतवून धरा.

एक्स्टेंशन वायर कशी हवी?

जाड आणि लागेल तेवढीच लांब. 1,400 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर 6 ॲम्पिअरच्या वर घेतं आणि सुरू होताना त्याहून खूप जास्त. म्हणून 16 ॲम्पिअरचा सॉकेट वापरा. तांब्याची 1.5 चौरस मिमी वायर कमीत कमी, लांब अंतरासाठी 2.5. गुंडाळीची वायर पूर्ण उलगडून घ्या, नाहीतर ती आतल्या आत तापते. गावाकडे व्होल्टेज पडलेलं असेल तर मशीनचा आवाज जड होतो, पातं लाकडात अडकायला लागतं. अशा वेळी थांबलेलं बरं. लाइनवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असावा.

हातमोजे घालावेत का?

चालू मशीनवर सैल, कापडी मोजे घालू नयेत. दातात अडकले तर हातासकट ओढले जातात. ओढणी, उपरणं, लोंबता गंडा, शर्टाची उघडी बाही यांचंही तेच. चष्मा मात्र हवाच, कारण भुसा वर उडतो. कानांसाठी प्लग घ्या, या मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या घरात जातो. आणि नाकाला एन-95 मास्क. लाकडाचा भुसा कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहे. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापताना तर रुमालावर भागवूच नका.

हे मशीन आलं कुठून?

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सजवळून. एडमंड मिशेल याने ऊसतोड करणारे कामगार बघून आधी मोटर लावलेला कोयता केला, आणि त्यातून पुढे लाकूड कापायची हातातली करवत आली. 1924 मध्ये जोसेफ सलिवनबरोबर त्याने कंपनी काढली, तीच पुढे स्किल झाली. ऊस काही या यंत्राने फारसा तोडला गेला नाही.

बोट कापलं गेलं तर काय करायचं?

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात हृदयाच्या वर ठेवा, 108 ला फोन करा. हळद, कॉफी पावडर, काही भरू नका. तुटलेला भाग सापडला तर तो स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ त्या भागाला थेट लागता कामा नये, पेशी मरतात. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मायक्रोसर्जरी करणारा प्लास्टिक सर्जन कुठल्या रुग्णालयात आहे हे फोनवर विचारून घ्या. नाहीतर आधी एका ठिकाणी आणि मग दुसरीकडे असा वेळ जातो.

जुनं मशीन घ्यायचं आहे. काय बघू?

सगळ्यात आधी गार्ड: आहे का, मिटतं का. काढून टाकलेलं असेल तर सौदा तिथेच संपवा. बेस प्लेट सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का बघा. पडून वाकलेल्या प्लेटवर काप कधीच सरळ येत नाही. प्लग काढून पातं हाताने वर-खाली हलवा, खडखडलं तर बेअरिंग गेलेलं आहे. मग चालू करून मोटरच्या फटीतून आत बघा: कार्बनजवळ थोड्या निळसर ठिणग्या चालतात, गोल फिरणारी ज्वाळा दिसली तर आर्मेचरचा खर्च किमतीत धरा. वायर मुठीजवळ टेपने गुंडाळलेली असेल तर ती आधी बदला, मग पहिला काप घ्या.